डब्यासोबत आलेली लेन्स

मात्राकाका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या लिखाणातला निसटलेला काना आणि हरवलेली मात्रा हुडकता हुडकता त्यांचं मूळ नाव कुठे गळून पडलं ते कुणालाच कळलं नाही. अशा या माणसाने एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि घरात जाहीर केलं, की आपण हाडांच्या दवाखान्यातल्या चार नंबर वॉर्डच्या सगळ्या माणसांचे फोटो काढणार, ते मोठे करून चौकटीत बसवणार आणि वॉर्डाला भेट देणार.

"बिस्किटांचा डबा दिला तर नाही का चालणार?" काकूंनी विचारलं.

"बिस्किटं संपतात."

"संपावीत म्हणूनच देतात ती."

पण काका ऐकणाऱ्यातले नव्हते. तीन महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडून ते त्या वॉर्डात एकोणीस दिवस पडून होते. (हाड कसं मोडलं हे ते सांगत नाहीत, आपणही विचारू नये. स्टूल, माळा आणि शब्दकोशांचा गठ्ठा, एवढं सुचवून पुढे जाऊ.) ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिथल्या थोरल्या सिस्टर पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा, चालायचंय." काकांनी नकार दिला. सिस्टरांनी पांघरूण काढून घेतलं. काका ओरडले, सिस्टर ओरडल्या नाहीत, आणि चार पावलं चालून काका पुन्हा पलंगावर आले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कागद मागितला. वॉर्डातल्या तक्रारपेटीत त्यांनी त्या सिस्टरांविरुद्ध दीड पानाची तक्रार टाकली. 'अमानुष' हा शब्द तीनदा, 'हुकूमशाही' दोनदा, आणि शेवटी उद्गारचिन्ह.

आता काका दोन पायांवर धडधाकट चालत होते. परवा तपासणीला गेले तेव्हा ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी सहज सांगितलं, की थोरल्या सिस्टर या महिन्याअखेरीस निवृत्त होतायत. तेव्हापासून काकांना अन्न गोड लागेना. जाऊन माफी मागावी म्हटलं तर ते आजवर कधी केलेलं नव्हतं. आभार मानणं हे काम त्यांनी जन्मभर काकूंवर सोडलेलं. म्हणून फोटो.

कॅमेरा जावयाचा होता. त्याने नवा घेतला आणि जुना सासऱ्यांकडे पाठवला, सोबत तीन लेन्स. पहिली कॅमेऱ्याच्या डब्यातच येते ती, अठरा ते पंचावन्न असं लिहिलेली. दुसरी बुटकी, नुसती पन्नास. तिसरी लांबलचक, पावशेर दुधाच्या बाटलीएवढी. काकांनी त्यांची नावं ठेवली डब्यातली, पन्नाशी आणि लांबडी.

सोबत एक माहितीपुस्तिकाही होती. काकांनी ती रात्री वाचायला घेतली आणि पाचव्या पानावर थबकले. लेन्सच्या पोटात एक भोक असतं, त्यातून उजेड आत येतो, इथपर्यंत ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, की आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. काकांनी तात्काळ लाल पेन काढून ते वाक्य गोलात घेतलं आणि समासात लिहिलं, 'उलट हवे.' सहाव्या पानावर तेच. सातव्यावर तेच. पुस्तिका संपेपर्यंत अकरा ठिकाणी लाल गोल झाले. "केवढी ही बेपर्वाई," ते काकूंना म्हणाले, "एकाही माणसाने वाचून बघितलं नाही!"

त्यांचा गैरसमज वरच्या मजल्यावरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी दूर केला. या गृहस्थांकडे कधीच कॅमेरा नव्हता, पण त्यांच्या साडूकडे होता, आणि सल्ला द्यायला तेवढं नातं पुरतं.

"ते बरोबर आहे हो," स्टेशनमास्तर म्हणाले. "एक-पॉइंट-आठ म्हणजे सताड उघडा दरवाजा. बावीस म्हणजे किल्लीचं भोक. तुमची पन्नाशी एक-पॉइंट-आठची आहे. अंधारात मांजर दिसावं तसं दिसतं तिला. हीच न्या."

"आणि ही?" काकांनी डब्यातली लेन्स पुढे केली.

स्टेशनमास्तरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते झाकण आहे. डब्यासोबत फुकट येतं. मालगाडी हो! लोक पहिल्या दिवशी काढून ठेवतात."

काकांनी डब्यातली लेन्स कपाटात मोज्यांच्या खणात ठेवली आणि परवानगीच्या मागे लागले.

दवाखान्यात फोटो काढायचे तर लेखी परवानगी हवी. कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चित्रण करायचंय," असं म्हणून त्यांनी एक अर्ज दिला. अर्जाचं नावच 'चित्रणासाठी विनंती.' पहिला रकाना, कोणत्या भागाचे चित्रण. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चेहरा.' दुसरा, किती बाजूंनी. काका विचारात पडले, मग लिहिलं, 'समोरून. जमल्यास एका कुशीने.' तिसरा, पूर्वी कधी चित्रण झाले आहे काय. 'होय, विवाहप्रसंगी.' मग वॉर्ड, कारण, तारीख, सही. बाईंनी शिक्का मारला, नंबर दिला आणि तळघराकडे बोट दाखवलं.

तळघरात काका पाऊण तास बसले. नंबर पुकारल्यावर आत गेले. एका तरुण तंत्रज्ञाने चष्मा काढायला लावला तेव्हा त्यांना वाटलं, आपलं ओळखपत्र करतायत. म्हणून त्यांनी खिशातला कंगवा काढून केस नीट केले. "हनुवटी वर. श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका... सोडा." मग एका कुशीने तेच. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मोठा खाकी लिफाफा होता आणि लिफाफ्यात त्यांच्या स्वतःच्या कवटीची दोन एक्स-रे चित्रं.

खिडकीतल्या बाईंनी ती उजेडात धरून बघितली. "छान आहे की," त्या म्हणाल्या. "काही झालेलं नाही."

"अहो, मला काही झालेलंच नव्हतं!"

"मग अर्ज कशाला केलात?"

काका लिफाफा काखेत मारून थेट मुख्य व्यवस्थापकांच्या दालनात गेले. व्यवस्थापक भला माणूस होता. तो आधी पोट धरून हसला, मग डोळे पुसून गंभीर झाला आणि सही केली. अटी चार. फ्लॅश मारायचा नाही, रुग्ण फोटोत यायचे नाहीत, येण्याजाण्याची वाट अडवायची नाही, आणि वेळ दुपारी तीन ते चार.

पहिल्या दिवशी काका पन्नाशी घेऊन गेले. मामा नवा कंगवा फिरवून परिचारिकांच्या खोलीत तयार उभे होते. काकांनी डोळा लावला आणि दचकले. समोर मामांचं फक्त कपाळ आणि नाक. डब्यातली लेन्स फिरवली की चित्र लांब-जवळ होतं, हे त्यांनी घरी पाहिलं होतं. पन्नाशीला फिरवण्यासारखं काही नव्हतं. तिच्यात जवळ-लांब करायचं ते आपल्या पायांनी. काका एक पाऊल मागे सरले. हनुवटी आली. आणखी दोन. गळा आला. खोली तिथेच संपली. काका दारातून बाहेर पडून, डोळा कॅमेऱ्यालाच लावून, मागे मागे जात राहिले, आणि मामांचं बक्कल दिसू लागलं त्याच क्षणी त्यांच्या गुडघ्यांमागे काहीतरी लागलं आणि ते अलगद खाली बसले.

ती चाकाची खुर्ची होती. ती घेऊन चाललेला दुसरा सेवक कामाला पक्का. खुर्चीत माणूस बसला की ढकलायचं, एवढंच त्याला ठाऊक. "प्लास्टरला ना?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळण घेतलं. मामा मागून ओरडत धावले. काकांना प्लास्टरच्या खोलीच्या उंबऱ्यावरून परत आणलं, तेव्हा आत ओली पट्टी तयार होती.

घरी येऊन फोटो बघितले तर आणखी दुःख. मोठ्या भोकाने उजेड भरपूर घेतला होता यात शंका नाही. मागची भिंत लोण्यासारखी वितळली होती, फार देखणी. पण मामांची डावी मिशी केस न् केस मोजावा इतकी स्पष्ट आणि उजवी मिशी धुक्यात. स्टेशनमास्तर म्हणाले, "सताड उघडं भोक ठेवलं की असंच. स्पष्ट भाग सुरीच्या पात्याएवढा. जरा आवळायचं होतं, चारवर."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. उद्या लांबडी न्या. सिस्टर तशाही समोरून फोटो काढू देणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुम्ही सांगितलात. लांबून टिपायचं. सिग्नलवरून गाडी बघतात तसं."

आता यात चूक काय, हे कुठल्याही सुज्ञ माणसाला कळलं असतं. पण मिशीच्या दुःखात काकांचं सुज्ञपण हरवलेलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते वॉर्डासमोरच्या बागेत, कण्हेरीच्या झुडपाआड, लांबडी रोखून उभे राहिले. खिडकीतून सिस्टर येता-जाता दिसत होत्या. लांबडीने त्यांना अगदी हाताच्या अंतरावर आणलं, हे कबूल केलं पाहिजे. पण ती जे जवळ आणते ते हलवतही आणते. काकांच्या हाताला जरा कंप सुटला की खिडकीत भूकंप. शिवाय आभाळ भरून आलेलं, आणि लांबडीचं भोक काही केल्या मोठं होईना. काकांनी धपाधप चाळीस फोटो काढले. एक्केचाळिसाव्याला खांद्यावर हात पडला.

"कोणाच्या खिडकीवर दुर्बीण लावलीय, काका?" पहारेकऱ्याने विचारलं.

काकांनी परवानगीपत्र दाखवलं. पहारेकऱ्याने ते दोनदा वाचलं. "यात वॉर्ड लिहिलाय. झुडूप लिहिलेलं नाही."

मुद्रित तपासणाऱ्या माणसाला या युक्तिवादापुढे मान तुकवावीच लागते. लांबडी संशयास्पद वस्तू म्हणून चौकीत जमा झाली आणि काकांना दंडाला धरून ओळख पटवायला चार नंबर वॉर्डात नेण्यात आलं. नेमकं थोरल्या सिस्टरांपुढे. वॉर्डातले सगळे पलंग उठून बसले.

सिस्टरांनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि खाली जरा जास्तच वेळ पाहिलं. "सोडा त्यांना," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या. "माझे पेशंट आहेत. उजवा खुबा. जरा चालून दाखवा हो." काका चालले. "छान. लंगडत नाही आहात." आणि त्या औषधांच्या ट्रेकडे वळल्या.

इतका अपमान काकांचा आजवर कुणी केला नव्हता, आणि इतकं कौतुकही. ते रिकाम्या पिशवीसारखे घरी आले आणि कॅमेरा टेबलावर ठेवून म्हणाले, "संपलं. बिस्किटं आण."

काकू खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. त्यांनी झाला प्रकार पुरता ऐकून घेतला. हसू आवरायला मध्ये दोनदा दोरा दातात धरावा लागला. मग म्हणाल्या, "मला तुमच्या भोकांचं काही कळत नाही. पण सुईत दोरा ओवायचा तर मी खिडकीशी येते. तुम्ही अंधारात बसून सुईचं भोक मोठं करायला निघालात. ती तिसरी कुठाय?"

"ती झाकण आहे."

"असू दे. झाकणाशिवाय डबा चालतो का? आणा."

मोज्यांच्या खणातून डब्यातली लेन्स बाहेर आली. काकांनी ती चढवली, काकूंच्या तोंडाजवळ जाऊन अठरावर बटण दाबलं. फोटो बघून काकूंनी शिवण खाली ठेवली. "हे माझं नाक?" नाक आधी आलेलं, काकू मागाहून येत असल्यासारख्या, आणि कान तर मुक्कामाला पोचलेच नव्हते. काका घाबरून तीन पावलं मागे सरले आणि तिथून लेन्स पंचावन्नपर्यंत फिरवली. खिडकीतला उजेड काकूंच्या गालावर सरळ पडला होता. पंचावन्नवर या लेन्सचं भोक बारीक होतं, फोटोला वेळ लागणार होता, हात हलला तर सगळं पाण्यात. आणि अचानक काकांना तळघर आठवलं. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.

टिक.

काकूंनी तो फोटो बराच वेळ बघितला. मिश्या नव्हत्या, त्यामुळे मोजायला काही नव्हतं. पण पापण्या होत्या, कपाळावरची ती बारीक आठी होती, आणि ओठात धरलेला दोरा होता. भिंत वितळली नव्हती, मागे साधी भिंतच दिसत होती. "पस्तीस वर्षांत," काकू म्हणाल्या, "मी अशी दिसते हे मला कुणी सांगितलं नाही." काका म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं." हे वाक्य चुकलं, हे त्यांना लगेच कळलं, पण काकूंनी त्या दिवशी ते तपासलं नाही.

तिसऱ्या दिवशी काका वॉर्डात गेले ते सरळ पुढच्या दाराने. सिस्टर चादरींच्या खोलीत होत्या. खोली एवढीशी, तिन्ही भिंतींना घड्यांचे थर, चौथीला मोठी खिडकी. पन्नाशी इथे आली असती तर काकांना चादरींच्या आत शिरावं लागलं असतं.

"माझा फोटो कशाला?" सिस्टर घड्या मोजता मोजताच म्हणाल्या. "इथून गेलेल्या माणसाने हा वॉर्ड विसरावा हीच आमची इच्छा असते. तुम्ही सारखे परत का येताय?"

काकांनी घरून एक वाक्य तयार करून आणलं होतं, स्वल्पविरामांसकट. ते बाजूलाच राहिलं. "मी... तक्रार लिहिली होती, सिस्टर. तुमच्याविरुद्ध."

"माहितीय. पेटी मीच उघडते. वाचली की मी." सिस्टरांनी चादर कोपऱ्याला कोपरा लावून दुमडली. "दीड पानात शुद्धलेखनाची एक चूक नाही. बाकी सगळंच चूक होतं."

"हो," काका म्हणाले. "सगळंच. मला ते तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून फोटो."

सिस्टर थांबल्या. हातातली चादर त्यांनी छातीशी धरली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना उभं करणाऱ्या त्या बाईला स्वतः नुसतं उभं कसं राहायचं हे ठाऊक नव्हतं. त्या अवघडल्या, टोपी चाचपली, मग खिडकीकडे बघून हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही ओरडत होतात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. ओरडतो तो चालतो. गप्प पडून राहतात त्यांची काळजी वाटते." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की आणखी काही, काकांना ठरवता आलं नाही. त्यांनी लेन्स पस्तीसवर, खोलीला पुरेल इतकीच फिरवली, श्वास घेतला, रोखून धरला.

पुढच्या चार दुपारी बाकीचेही झाले. दोघी धाकट्या सिस्टर, प्लास्टरवाले, फरशी पुसणाऱ्या मावशी, सगळे खिडकीशी, सगळे स्पष्ट. मामा तेवढे हट्टाला पेटले, की आपला फोटो ट्रॉलीसकटच हवा. त्यासाठी वॉर्डाबाहेरच्या बोळात जावं लागलं, आणि तिथे खिडकी नाही. डब्यातली लेन्स उजेडाच्या बाबतीत गरीब. काकांनी श्वास रोखला, हात दगडासारखा ठेवला, पण मामांचे पाय कोण रोखणार? फोटोत चेहरा बऱ्यापैकी आला आणि ट्रॉली, पाय, फरशी सगळं वाहत्या पाण्यासारखं निघून गेलं. काका ओशाळले. मामा म्हणाले, "हेच हवं. मी उभा कधी असतो?"

पहारेकऱ्याने लांबडी परत दिली, सोबत विचारलं, "माझा नाही काढणार?" त्याचाही काढला. डब्यातल्याच लेन्सने, चौकीच्या दारात.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी चौकटी वॉर्डाच्या लांब बोळात लागल्या. एका बाजूला ओळीने, दहा-दहा पावलांवर. व्यवस्थापकांनी भाषण केलं, काकूंनी सिस्टरांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही, आणि काका मागे उभे राहून चौकटींवरची नावं शुद्ध आहेत का ते बघत होते. डोळ्यांत पाणी आलं की त्यांना नेहमी वाचायला काहीतरी लागतं.

चार महिन्यांनी ते शेवटच्या तपासणीला गेले. कॅमेरा घरी होता. डॉक्टरांनी "आता येऊ नका" म्हटलं, ते ऐकून काका खुशीत बोळातून निघाले, तेवढ्यात समोरून वॉकर धरून एक म्हातारेबुवा येताना दिसले. कालच ऑपरेशन झालेलं असावं. शेजारी व्यायाम करवून घेणाऱ्या तरुण ताई.

"नाही जमणार," म्हातारेबुवा ओरडत होते. "अमानुष आहे हे!"

"मामांपर्यंत तर आलात," ताई म्हणाल्या. "काल मावशींपर्यंत आला होतात. आज सिस्टरांपर्यंत जायचंय. पलीकडच्या वॉर्डातले आजोबा पहारेकऱ्यापर्यंत जातात, माहितीय?"

"ती बाई माझ्याकडे रोखून बघतेय," म्हातारेबुवा भिंतीवरच्या सिस्टरांकडे बोट करून म्हणाले.

"मग बघू दे ना. चला."

म्हातारेबुवांनी एक शिवी गिळली आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. काका भिंतीला चिकटून उभे राहिले, वाट अडू नये म्हणून. नववं पाऊल, दहावं. सिस्टरांच्या चौकटीखाली पोचल्यावर म्हातारेबुवांनी भिंतीला हात टेकला, धापा टाकल्या, वर पाहिलं आणि कुणी न सांगता वॉकर पुढे सरकवला.

पुढे बोळाचं स्प्रिंगचं दार होतं. काका लगबगीने गेले आणि ते ओढून, उघडं धरून उभे राहिले.